तुम्ही विचारलंत म्हणून: थिंक टँकचा लोकशाहीला उपयोग काय?

थिंक टँक म्हणजे सरकारी धोरणांचा अभ्यास करणाऱ्या संस्था. ‘एसीत बसून अहवाल लिहिणाऱ्यांचा लोकशाहीला काय उपयोग?’ हे हमखास विचारलं जातं. प्रश्न रास्त आहे. बरेच अहवाल प्रकाशनाच्या चहापाण्याबरोबरच संपतात. ज्या संस्थांचा उपयोग होतो, त्यांची खरी मेहनत अहवालाआधीची असते: दफ्तरात विखुरलेली माहिती बाहेर काढायची आणि ताडून पाहता येईल अशी लावायची.

मुंबईचंच बघा. ७ मार्च २०२२ ला नगरसेवकांची मुदत संपली आणि पुढे तीन वर्षांहून अधिक काळ महापालिका प्रशासकाच्या हाती राहिली. २०२५-२६ चा अर्थसंकल्प ७४ हजार कोटींच्या वर, पण त्यावर खर्च मंजूर करणाऱ्या नगरसेवकांच्या स्थायी समितीत हटकणारं कुणी नव्हतं. अशा वेळी उरतो माहिती अधिकाराचा अर्ज. १० रुपयांचा कोर्ट फी स्टॅम्प, एका अर्जात एकच विषय, तोही साधारण १५० शब्दांत. हा महाराष्ट्राचा नियम. ‘रस्त्यांवर किती खर्च केला?’ असं विचारलंत तर एक गोळाबेरीज आकडा येईल, नाहीतर ‘माहिती संकलित स्वरूपात उपलब्ध नाही’ हे ठरलेलं उत्तर. म्हणून कागदाचं नाव घेऊन मागायचं: ‘एल वॉर्ड, २०२३-२४, रस्तेदुरुस्तीचे कार्यादेश व अंतिम देयके यांच्या प्रती’. ३० दिवसांत उत्तर नाही आलं, तर त्यापुढच्या ३० दिवसांत पहिलं अपील. दुसरं अपील राज्य माहिती आयोगाकडे, ९० दिवसांच्या आत. तिथे मात्र फाइल रेंगाळते. उत्तरं आली तरी एक वॉर्ड तक्रारी प्रकारवार देतो, दुसरा नुसती बेरीज. ते एका तक्त्यात बसवण्यातच सगळा जीव जातो.

प्रजा फाउंडेशन ही मुंबईतली संस्था नगरसेवक-आमदारांची प्रगतिपुस्तकं काढते, ती अशाच कागदांच्या जोरावर. यात एक खोच आहे. त्यांनी सभागृहात विचारलेले नुसते प्रश्न मोजले, तर चौकाला नाव द्या म्हणणाराही हुशार ठरतो आणि नाल्याचा गाळ कुठे गेला हे एकदाच, पण नेमकं विचारणारा मागे पडतो. विषयवार वर्गवारी नसलेल्या गुणांवर फार विसंबू नये.

माहिती मिळाली तरी ती वापरायला लावावी लागते. उमेदवारांचे गुन्हे आणि मालमत्ता आज शपथपत्रात दिसतात, त्यामागे निवडणूक सुधारणांसाठी झटणाऱ्या एडीआर या संस्थेची १९९९ पासूनची कोर्टातली चिकाटी आहे; सर्वोच्च न्यायालयाचे निकाल २००२ आणि २००३ चे. कायद्याच्या मसुद्यावर लोकांना ३० दिवस द्यावेत हे केंद्राचं २०१४ चं धोरणही कामाचं, पण तो कायदा नाही, त्यामुळे सोयीनुसार गुंडाळलं जातं. सभागृहात मसुद्यावर मतदान होऊन गेल्यावर आलेलं विश्लेषण कितीही चोख असो, रद्दीच.

राहिला पैशाचा प्रश्न. अहवाल हातात आला की आधी शेवटची पानं उघडा: देणगीदार कोण, सर्वेक्षणात माणसं किती आणि कशी निवडली, मूळ आकडे दिलेत का. देणगीदाराचं नाव नसेल, तर शिफारशी वाचायची घाई करू नका.