विकणे आहे

दुपारी जेवणं आटोपल्यावर दाराच्या फटीतून एक गुळगुळीत पत्रक आत पडलं. मागच्या रस्त्यावरचं घर विकायला काढलंय. ‘स्ट्राउड ग्रीन, उत्तर लंडन. व्हिक्टोरियन कौटुंबिक घर, संपूर्ण नूतनीकरण केलेलं, पाच बेडरूम, मूळ वैशिष्ट्यं जपलेली.’ आम्ही ज्याचे हप्ते फेडतोय तो फ्लॅट म्हणजे अशाच एका घराचा मधला मजला. त्यामुळे घ्यायबियचा प्रश्न नव्हता. तरी मी चहा टाकला आणि पत्रकाचं शेवटचं पान उघडलं. शेवटच्या पानावर नकाशा असतो.

घरांचे नकाशे वाचायचं मला व्यसन आहे. फोटोंवर माझा विश्वास नाही. फोटोत लिंबांनी भरलेला वाडगा असतो आणि कधीच कोणी न बसलेला सोफा. नकाशात मला माझं सामान लावता येतं. तांदळाचा डबा कुठे, इस्त्रीचं टेबल कुठे, सासूबाई आल्या तर झोपतील कुठे आणि रात्री बाथरूमला जाताना त्यांना किती पायऱ्या उतराव्या लागतील. एवढं झालं की ते घर माझं होतं, साधारण संध्याकाळपर्यंत.

हे अण्णांकडून आलं. नायगावच्या बीडीडी चाळीत आमची एक खोली. संडास मजल्याच्या टोकाला, सगळ्यांत मिळून. रविवारी पेपर आला की अण्णा पहिल्या पानाकडे ढुंकूनही बघायचे नाहीत, थेट छोट्या जाहिराती. त्याही मोठ्याने.

“नौपाडा, वन रूम किचन, स्टेशन पाच मिनिटं.”

आई मासळी साफ करता करता म्हणायची, “कोणाच्या पायाने पाच मिनिटं?”

“डोंबिवली पूर्व, चोवीस तास पाणी.”

“चोवीस तास लिहिणाऱ्याकडे तासभरसुद्धा येत नसतं.”

पसंत पडलेल्या जाहिरातींभोवती अण्णा पेन्सिलीने गोल काढायचे आणि पेपर घडी घालून गादीखाली सारायचे. पुढचा रविवार येईपर्यंत ती सगळी घरं आमची. नौपाड्याच्या घरातली खिडकीजवळची जागा मी आधीच मागून ठेवली होती, त्यावरून भावाने माझी वेणी ओढली होती आणि आईने दोघांनाही धपाटे घातले होते. काही जाहिराती मात्र अण्णा मोठ्याने वाचत नसत. नजर फिरवून पुढे जात. मोठी झाल्यावर मी त्या ओळी स्वतः वाचल्या. ‘फक्त शाकाहारी कुटुंबास.’ ‘अमुक समाजाला प्राधान्य.’

तर शनिवारी मी ते घर बघायला गेले. नवऱ्याने नेहमीप्रमाणे यायला नकार दिला. त्याला लाज वाटते. दारात एजंट बुटांवर चढवायला निळ्या प्लॅस्टिकच्या पिशव्या वाटत होता. मी सवयीने बूटच काढून बाजूला ठेवले. तो एवढा खूश झाला की मला पक्कं गिऱ्हाईक समजून त्याने थेट वरच्या मजल्यावर नेलं.

वर जाताना जिन्याच्या कठड्यावर हात ठेवून जावं. खालच्या टप्प्यावर महागनीचा गुळगुळीत दांडा आणि त्याखाली लेथवर घडवलेले गज होते. दुसऱ्या मजल्यानंतर गज साधे चौकोनी झाले, जिना अरुंद झाला, पायऱ्या उंच झाल्या. पाहुणा जिथवर येणार तिथवरच नक्षी. त्याच्या वर घरकामाला ठेवलेली पोर झोपायची, छपराखाली, उन्हाळ्यात भाजत आणि हिवाळ्यात गारठत. 1891च्या जनगणनेत इंग्लंड-वेल्समध्ये अशा 13 लाखांच्या वर बायका-मुली घरकामात होत्या. त्या माळ्यावर आता छपराला खिडक्या पाडून ‘मास्टर बेडरूम’ केलीय, आत बाथटब. एजंटच्या आवाजात तिथे भक्तिभाव आला.

खाली तेच. मागच्या बाजूला जिथे मोरी होती, कोळशाचं धुरकट स्वयंपाकघर होतं आणि अंगणात संडास, तिथे आता काचेचं छप्पर, दगडी ओटा आणि बागेकडे उघडणारी घडीची दारं. आणि रस्त्याकडची बैठकीची खोली, जी एरवी बंद असायची, जिथे पाद्रीबुवांना चहा मिळायचा आणि घरातलं कोणी गेलं तर शवपेटी ठेवायचे, त्या खोलीत आता टीव्ही आहे आणि भिंतीला टेकवलेली सायकल. अख्खं घर उलटं-पालटं करून ठेवलंय. मोलकरणीच्या वाट्याच्या जागा सगळ्यात महाग झाल्या, मालकाची शान सायकलला दिली. मला यात काहीतरी मोठं सुचत होतं, पण एजंटने खिडकी दाखवली आणि ते निसटलं.

खिडकी होतीच तशी. 1845 साली काचेवरचा आणि 1851 साली खिडक्यांवरचा कर उठला, आणि त्यानंतरच्या बिल्डरांनी रस्त्याकडच्या भिंतीला पोट काढून त्यात मोठाल्या काचा बसवल्या. वर सरकणारं तावदान. चौकटीच्या पोकळीत दोरीला लोखंडी वजनं टांगलेली असतात, दिसत नाहीत. तावदान एका बोटाने वर ढकललं की वजन आतल्या आत खाली जातं आणि लाकडावर एकदा ठक्क करतं. मी ते दोनदा वरखाली केलं. तिसऱ्यांदा करणार होते, पण मागे एक जोडपं ताटकळत होतं.

‘मूळ वैशिष्ट्यं जपलेली’ म्हणतात, त्यात अर्धसत्य असतं. जपलेली नसतात, उकरून काढलेली असतात. 1962 साली बीबीसीने ईलिंगमधलं एक मोडकळीला आलेलं घर विकत घेतलं आणि बॅरी बकनेल नावाचे गृहस्थ ते आधुनिक कसं करायचं हे टीव्हीवर दाखवू लागले. पॅनेलच्या दरवाजांवर हार्डबोर्ड ठोकून ते सपाट करायचे, शेकोट्या बुजवायच्या. लोकांनी हातोड्या घेतल्या आणि घरोघरी आजी-आजोबांची नक्षी झाकून टाकली. त्यालाही नूतनीकरणच म्हणत होते. आता नातवंडं सुताराला तासावर पैसे देऊन तोच हार्डबोर्ड उपटून घेतात.

या घरांचा आणखी एक काळ पत्रकात नसतो. दुसऱ्या महायुद्धानंतर अशी कित्येक घरं खोलीखोलीने भाड्याने गेली. एका खोलीत एक बिऱ्हाड, कोपऱ्यात गॅसची शेगडी, शिलिंग टाकल्याशिवाय न चालणारा मीटर, जिन्यावर सामायिक बाथरूम. नायगाव आणि स्ट्राउड ग्रीन तेव्हा फार लांब नव्हते. फरक एवढाच, की खोली भाड्याने देणे आहे असं लिहिलेल्या चिठ्ठीखाली ‘काळ्यांनी चौकशी करू नये’ असं उघड लिहिता येत होतं. घरांच्या बाबतीत ते बेकायदा ठरलं 1968च्या कायद्याने.

आता एक सांगते. लंडनमधलं एक जुनं घर माझ्याही मालकीचं आहे. तुमच्याही. प्रिमरोज हिलजवळ, 10 किंग हेन्रीज रोड. 1921-22मध्ये बाबासाहेब तिथे भाड्याने राहून शिकत होते. ते घर विक्रीला निघालं आणि 2015 साली महाराष्ट्र सरकारने घेतलं, तीस लाख पौंडांच्या वर मोजून. मी लगेच हिशेब करून अण्णांना फोन केला, की महाराष्ट्रातल्या माणशी साधारण तीन रुपये पडले. अण्णा म्हणाले, “मग आपल्या चौघांचे बारा. रजिस्ट्रेशन धरून?” पुढे त्या घराचं स्मारक करायला शेजाऱ्यांनी हरकत घेतली, वस्तीत गडबड होईल म्हणून. तिथल्या कॅम्डन कौन्सिलने 2018 साली परवानगी नाकारली, प्रकरण चौकशीला गेलं आणि 2020 साली ब्रिटिश मंत्र्याने मंजुरी दिली.

म्हणजे त्या घराला शेजाऱ्यांची हरकत आली ती शंभर वर्षांनी. त्याआधी, 1917 साली, कोलंबिया विद्यापीठात शिकून आलेल्या याच माणसाला बडोद्यात, जिथे ते सरकारी हुद्द्यावर रुजू झाले होते, राहायला जागा मिळाली नव्हती. पारशी नाव लावून ते एका पारशी धर्मशाळेत राहिले आणि काठ्या घेऊन आलेल्या लोकांनी त्यांना तिथून बाहेर काढलं. ही गोष्ट अण्णांना तोंडपाठ होती, आम्हाला त्यांनीच सांगितली.

नौपाड्याची सांगितली नाही. ती आईने सांगितली, अण्णा गेल्यानंतर. एका रविवारी ते खरोखरच घर बघायला गेले होते, नवा शर्ट घालून, पोस्टातली पासबुकं खिशात घेऊन. जाहिरातीत कसलीही अट नव्हती. मालकाने चहा दिला, सगळं घर फिरवून दाखवलं, मग आडनाव विचारलं. घर कालच गेलं होतं.