हातभर अंतर

रविवार, रात्र

आज सायकल रेसमध्ये पुन्हा पुढचीचं चाक सुटलं.

तिसऱ्या फेरीतला चढ, माथा जेमतेम चारशे मीटरवर. पुढच्या रायडरचं मागचं चाक आणि माझं पुढचं चाक यांत आधी टीचभर अंतर होतं. ते हातभर झालं, मग मधे एक सायकल मावेल एवढं. मी जीव तोडून पेडल मारत होते आणि तरी ते वाढत होतं. घोळका माथा ओलांडून उताराला लागला तेव्हा पाठींवरचे नंबरसुद्धा मला वाचता येत नव्हते.

ज्यांनी रेस केलेली नाही त्यांना हे समजावून सांगणं कठीण जातं. हातभर अंतर म्हणजे ते काय! चार पेडलं जोरात मारली की झालं. पण सपाटीवर ताशी ३५-३६ किलोमीटरच्या वेगात आपली बहुतेक ताकद हवा कापण्यात जाते. वेग दुप्पट करायचा तर फक्त हवेसाठी आठपट ताकद लागते. दुसऱ्याच्या चाकामागे अगदी जवळ राहिलं की त्यातली पाव ते तिसरा हिस्सा मेहनत वाचते, मोठ्या घोळक्याच्या पोटात त्याहून जास्त. तो आडोसा एकदा गेला की पुढचे सगळे वाटून घेत असलेली हवा मला एकटीला कापावी लागते, आणि तीही त्यांच्यापेक्षा जास्त वेगाने, तरच त्यांना गाठता येईल. आधीच दमलेल्या माणसाला हे जवळजवळ अशक्य असतं. म्हणून चाक सुटलं की बहुधा रेस सुटते.

पुढचे अकरा किलोमीटर राहिले होते. चार-पाच मिनिटं एकटी चालवली. मग मागून ३१ नंबरची आली, तीही सुटलेली. नाव माहीत नाही, एक शब्द बोललो नाही. तिने कोपराने खूण केली, मी हवा कापायला पुढे झाले. मिनिटभराने मी खूण केली, ती पुढे झाली. शेवटपर्यंत असंच. चौतिसात मी बाविसावी, ती तेविसावी. रेषेच्या आधी दोघींनीही स्प्रिंट केला, बाविसाव्या जागेसाठी. ती जागा कोणी विचारणार नाही, पण त्या दोनशे मीटरमध्ये मी काहीही हातचं राखलं नाही आणि तिनेही नाही. आजच्या दिवसातला मला सगळ्यात आवडलेला भाग तो.

घरी आल्यावर लेकीने दारातच विचारलं, "पडली नाहीस ना?" कितवी आलीस हे नंतर.

सोमवार

पेडलवरची ताकद वॉटमध्ये मोजणाऱ्या पॉवर मीटरची फाइल काल उघडायचं धाडस झालं नाही. आज ऑफिसातून आल्यावर उघडली.

चढ दोन किलोमीटरचा, साधारण सहा टक्क्यांचा. तिसऱ्या फेरीत मला तो चढायला ७ मिनिटं २० सेकंद लागली, सरासरी २२२ वॉट. माझं वजन ५८ किलो. गेल्या वर्षी मी ताज्या पायांनीही याच चढावर २०५ च्या वर गेले नव्हते. म्हणजे ज्या चढावर मी सुटले तो माझा आजवरचा सगळ्यात चांगला चढ होता. हे वाचून आधी आनंद झाला आणि लगेच पोटात कालवलं. कमी पडले असते तर सोपं होतं, आणखी सराव करायचा. सगळ्यात चांगलं देऊनही सुटले, त्याचं काय करायचं?

तासभर आलेखाकडे बघत बसले. मग चढाच्या आधीचा भाग मोठा करून पाहिला.

चढाच्या पाचशे मीटर आधी एक काटकोनी वळण आहे. तिथे माझा वेग ३८ वरून १९ वर आला आहे आणि त्यानंतर बारा सेकंद ४८० वॉट. पहिल्या फेरीत तेच, दुसऱ्या फेरीतही तेच. पुढच्या पाच-सहा जणी वळणातून जवळजवळ ब्रेक न लावता जातात. त्यांच्या मागची थोडा लावते, तिच्यामागची जरा जास्त, आणि शेपटाला पोचेपर्यंत सगळे जवळपास थांबतात. तोवर पुढच्यांनी वेग घेतलेला असतो. पेटीचा भाता मिटावा आणि एकदम ताणला जावा तसं. पुढे बसलेलीला जे वळण फुकट मिळतं, त्यासाठी शेपटातलीला दर वेळी पूर्ण स्प्रिंट मोजावा लागतो. मी तिन्ही वेळा शेपटात होते. चढाच्या पायथ्याशी पोचले तेव्हाच माझा श्वास फुललेला होता, शिवाय माझ्या पुढे तीसेक जणी. त्यांतल्या कोणाचंही चाक सुटलं की तिला वळसा घालून तिने पाडलेली फट मलाच भरायची.

म्हणजे मी चढावर सुटले नाही. वळणावरच सुटले होते, फक्त कळायला सात मिनिटं लागली.

मंगळवार

शेपटात का असते मी? आज दिवसभर हेच डोक्यात. सुरुवातीला मी पुढे उभी असते, पहिल्या दोन रांगांत. दहा किलोमीटरमध्ये मागे सरकलेली असते. कोणी ढकलत नाही. डावीकडून एखादी आत यायला लागली की मी जागा देते, उजवीकडून आली की तिलाही देते, आणि पुढच्या चाकापासून हातभर अंतर मी स्वतःच ठेवते. ती फट दिसली की दुसरी कोणीतरी भरतेच, भरायलाच हवी. तो रेसचा धर्म आहे.

खरं उत्तर मला माहीत आहे. लिहायला नको वाटत होतं.

गेल्या मोसमातली तिसरी रेस. घोळक्याच्या मध्यावर होते, माझं पुढचं चाक समोरच्या मागच्या चाकाच्या बाजूला चार बोटं पुढे गेलेलं. ती खड्डा चुकवायला माझ्या बाजूला सरकली. चाकं घासली. अशा वेळी पुढची बहुतेक वेळा सावरते, मागची पडते. सायकलचा तोल आपण शरीराने कमी आणि हँडलने जास्त सांभाळतो. क्षणोक्षणी, नकळत, जिकडे कलते तिकडे थोडं वळवून. पुढचं चाक दुसऱ्या चाकाला टेकलं की ते वळवताच येत नाही, आणि तोल सावरायचा एकमेव मार्ग बंद होतो. हे मी नंतर वाचलं. तेव्हा एवढंच कळलं की रस्ता एकदम जवळ आला.

कॉलरबोन. सायकलपटूंचं हे नेहमीचं हाड, पडताना माणूस खांद्यावर किंवा पसरलेल्या हातावर येतो म्हणून. सहा आठवडे हात गळ्यात. त्या काळात लेकीने माझी वेणी घातली. मग अडीच महिने घरात ट्रेनरवर, म्हणजे सायकल जागच्या जागी चालवायच्या स्टँडवर, भिंतीकडे तोंड करून. २२२ वॉट तिथूनच आले आहेत. पाय भिंतीसमोर तयार झाले, पण घोळक्यात राहायचं धैर्य भिंतीसमोर तयार होत नाही.

गुरुवार

आज चालवली नाही. पाय अजून जड आहेत.

ॲना कीसेनहोफरची रेस पुन्हा पाहिली. टोकियो ऑलिंपिक, २५ जुलै २०२१, महिलांची रोड रेस, १३७ किलोमीटर. ऑस्ट्रियाची ही बाई गणितात डॉक्टरेट केलेली, विद्यापीठात संशोधन करणारी. तेव्हा कोणत्याही व्यावसायिक संघाशी तिचा करार नव्हता. रेस सुरू झाल्याचा झेंडा पडताच ती आणखी काही जणींबरोबर निघून गेली आणि शेवटचे सुमारे ४० किलोमीटर एकटीने काढले. मागे नेदरलँड्सचा जगातला सगळ्यात बलाढ्य संघ. ऑलिंपिकमध्ये रायडरच्या कानात रेडिओ नसतो, त्यामुळे पुढे अजून कोणी आहे हेच मागच्यांना नीट ठाऊक नव्हतं. आनेमिक फान फ्लेउटेनने सुवर्णपदक मिळालं असं समजून हात वर केले, तेव्हा कीसेनहोफरला जिंकून ७५ सेकंद झाली होती.

आम्हा हौशी लोकांत ही रेस पुन्हा पुन्हा निघते, आणि मलाही ती पाहताना दर वेळी भरून येतं. पण आज एक जाणवलं. इतके दिवस मी ही रेस एका सोयीच्या अर्थाने पाहत होते: बघ, घोळक्याशिवायही जिंकता येतं. घोळका टाळण्यासाठी मला एक कारण हवं होतं, ते मी तिच्यात शोधत होते. ती एकटी पुढे होती. मी एकटी असते ती मागे. या दोन एकटेपणांत काही सारखं नाही.

शनिवार

क्लबातल्या दादांना सगळं सांगितलं. ते माझ्या वडिलांच्या वयाचे, चाळीस वर्षं रेस करत आले आहेत. त्यांनी फाइल पाहिलीसुद्धा नाही. म्हणाले, "चल, मैदानावर."

गवतावर तासभर. चालण्याच्या वेगाने, खांद्याला खांदा लावून, कोपराला कोपर. मग मी मागून त्यांच्या मागच्या चाकाला माझं पुढचं चाक मुद्दाम हळूच टेकवायचं आणि सोडवायचं. पहिल्या तीन वेळा पडले. गवतावर लागत नाही, पण पहिल्या वेळी रडू आलं, तो घासल्याचा आवाज ऐकून. दादा काही बोलले नाहीत, सायकल धरून उभे राहिले. दहाव्या-बाराव्या वेळी कळलं की चाक टेकलं तर घाबरून दूर ओढायचं नाही. किंचित त्याच बाजूला कलायचं आणि पेडल मारत राहायचं, ते आपोआप सुटतं.

"तू चाकाकडे बघतेस," ते म्हणाले. "चाकाकडे बघू नकोस. तिच्या खांद्यावरून पुढे बघ, पुढच्या चौथ्या-पाचव्या रायडरकडे. चाक कुठे आहे ते तुला बरोबर कळत राहतं."

तीन आठवड्यांनंतर, रविवार

त्याच मालिकेतली दुसरी रेस, तोच रस्ता. मधल्या काळात दर मंगळवारी आणि शनिवारी गवतावर, एवढंच केलं. वॉट वाढलेले नाहीत.

पहिल्या फेरीत वळणावर आठवी होते. ब्रेकला फक्त बोट लावलं. चढाच्या पायथ्याशी श्वास नाकातून चालू होता आणि मला ते इतकं नवीन वाटलं की क्षणभर वाटलं, कुठे चुकून मागे तर राहिले नाही! चढभर हळूहळू मागे सरकत गेले, आठवीची सतरावी झाले, पण माथ्यावर घोळक्यात होते. दुसऱ्या फेरीत एकीने वळणाआधी आत घुसायचा प्रयत्न केला. कोपर लागलं. मी जागा दिली नाही. छाती धडधडत होती, ब्रेकवरचं बोट मात्र हललं नाही. माथ्यावर अकरावी.

तिसऱ्या फेरीला लागले आणि दुसऱ्याच किलोमीटरला मागचा टायर बसला. हात वर करून कडेला झाले. सुटा ट्यूब जवळ होता, बदललाही, पण घोळका केव्हाच गेला होता. रेसच्या मागून येणाऱ्या गाडीत सायकल टाकली. निकालात माझ्या नावापुढे काही आकडा नाही.

रेषेपाशी ३१ नंबरची भेटली. आज ती तेरावी. घाम पुसत म्हणाली, "अगं, वळणावर तू माझ्या अगदी मागे होतीस, मला तुझ्या चाकाचा आवाज येत होता. गेली कुठे?" मी टायर दाखवला. तिने अंगठा फिरवून चीर शोधून काढली.

४६ किलोमीटर. दोन वळणं, दोन चढ. लेकीला सांगितलं, पडले नाही. मागचा टायर नवा घ्यायचा आहे, पुढची रेस पंधरा दिवसांवर आहे.