नंदिवर्धन: धानाच्या बांध्यांखालची राजधानी

रामटेक आमच्या मोहाडी तालुक्यातल्या लोकांना नवं नाही. लग्न झाल्यापासून मी चार-पाचदा तरी गेले असेन. गडावर दर्शन, माकडांपासून पिशव्या सांभाळणं, खिंडसी तलावाला अर्धा तास, आणि अंधाराच्या आत घरी. दोन वर्षांआधी एका ट्रॅव्हल्सवाल्याने ‘ऐतिहासिक सहल’ म्हणून पैसे घेतले आणि हेच सगळं पुन्हा दाखवून आणलं. वाकाटकांची, म्हणजे प्राचीन विदर्भावर राज्य करणाऱ्या घराण्याची राजधानी नंदिवर्धन रामटेकपासून दहा किलोमीटरच्या आत आहे, हे त्या दिवशी कोणी बोललंसुद्धा नाही.

यंदा मात्र ठरवूनच गेलो. मुलगी बी.ए.ला इतिहास घेऊन शिकते. वाकाटकांचं नाव तिच्या पुस्तकात दोन पानांत येऊन जातं आणि तेवढ्याने तिचं समाधान होत नव्हतं. ओळखीतून रामटेकजवळच्या एका गावचे निवृत्त गुरुजी मिळाले. ते फक्त एका कुटुंबाला दिवसभर सोबत घेऊन हा सगळा परिसर दाखवतात. फोनवर त्यांनी दोनच गोष्टी विचारल्या. “सोबत कोणाचे गुडघे दुखतात का? आणि तुम्हाला दर्शन पाहिजे की राजधानी?” हे दोन प्रश्न न विचारणारा गाईड घेऊ नका, असं मी आता सगळ्यांना सांगते.

आम्ही चौघं होतो. मी, मुलगी, माझ्या सत्तरी ओलांडलेल्या सासूबाई आणि गाडी चालवणारा पुतण्या. डिसेंबरचा पहिला आठवडा. पहाटे सहाला निघालो. तुमसर-रामटेक रस्त्याच्या दोन्ही बाजूंना धान कापून झालेलं, कुठे पुंजणे रचलेले, कुठे मळणी सुरू. रामटेकात तर्रीपोहे खाल्ले, गुरुजींना गाडीत घेतलं आणि गडाकडे पाठ करून थेट नगरधनला, म्हणजे जुन्या नंदिवर्धनाच्या जागी, गेलो. हा क्रम गुरुजींचा. गडावर आधी गेलं की माणसं थकतात, मग नगरधन ‘पुढच्या वेळी’ होतं, असं ते म्हणाले. आमचं आजवर तेच झालं होतं.

नगरधनात पहिल्यांदा दिसतो तो किल्ला. चौकोनी तट, बुरूज, वायव्येकडे चांगला टिकलेला दरवाजा. आत वाड्याचे पडके अवशेष, आणि पायऱ्या उतरून जावं लागतं असं जमिनीखालचं देवीचं ठाणं. सासूबाई तिथे बऱ्याच वेळ बसल्या. येणारा प्रत्येक जण या किल्ल्यालाच वाकाटकांची राजधानी समजून फोटो काढतो. गुरुजींनी दरवाज्यातच सांगून टाकलं, “हा किल्ला नागपूरकर भोसल्यांच्या काळचा. राजधानी याच्याहून हजार-तेराशे वर्षं जुनी. ती तुम्ही मघाशी गाडीतून तुडवत आलात.”

तटावर ते आम्हाला उत्तरेकडे तोंड करून उभं राहायला म्हणाले. सपाट शिवार, धानाच्या मोकळ्या बांध्या, तुरीचे पट्टे, आणि त्यापलीकडे रामगिरीची टेकडी, म्हणजे रामटेकचा गड, तिच्यावर मंदिरांचे पांढरे कळस. राजधानी मैदानात, देव टेकडीवर. इथे उभं राहिल्याशिवाय रामटेकची ती सगळी प्राचीन मंदिरं कोणासाठी बांधली होती ते कळत नाही. मी इतक्यांदा गडावरून खाली पाहिलं, पण खाली कुठे पाहायचं हे कोणी सांगितलं नव्हतं.

पुढचा तास गावातून आणि गावाच्या कडेने पायी. प्राचीन नंदिवर्धन आजच्या नगरधन गावाच्या आणि शेतांच्या खाली आहे. २०१५ ते २०१८ या काळात राज्य पुरातत्त्व विभाग आणि पुण्याचं डेक्कन कॉलेज यांनी इथे उत्खनन केलं. काचेच्या आणि शंखाच्या बांगड्या, कानातली मातीची भूषणं, गणपतीची मूर्ती, गुराढोरांची, शेळ्यामेंढ्यांची हाडं निघाली. म्हणजे माणसं राहत होती, बायका नटत होत्या, गोठे होते. आणि एका मोठ्या भिंतीच्या माथ्यावर मातीचा एक लहानसा शिक्का मिळाला. अंड्याच्या आकाराचा, लांबीला साडेतीन सेंटिमीटरच्या आसपास, वजन ६.४० ग्रॅम. त्याच्यावर शंख, आणि ब्राह्मी लिपीत एका राणीचं नाव: प्रभावतीगुप्त.

गुरुजी शेताच्या एका धुऱ्यावर, म्हणजे बांधावर, बसले आणि आम्हालाही बसवलं. त्यांनी जे सांगितलं त्यासाठीच हा दिवस होता असं मला वाटतं, म्हणून जरा सविस्तर लिहिते.

प्रभावतीगुप्त ही गुप्त सम्राट दुसऱ्या चंद्रगुप्ताची मुलगी. उत्तरेतल्या एवढ्या मोठ्या साम्राज्याची लेक विदर्भात वाकाटकांच्या घरी दिली. नवरा दुसरा रुद्रसेन लवकर गेला. मुलं लहान. मोठा युवराज दिवाकरसेन याच्या नावाने तिने कारभार हाती घेतला. पुण्यात मिळालेला तिचा एक ताम्रपट आहे. तो नंदिवर्धनाहून, म्हणजे आम्ही बसलो होतो त्या ठिकाणाहून, कारभाराच्या तेराव्या वर्षी कार्तिक शुद्ध द्वादशीला काढलेला. त्यात ती एका आचार्याला गाव दान देते. पण गाव राहू द्या, त्यातली तिची ओळख पाहा. ती आधी गुप्तांची वंशावळ देते, आजा-पणज्यापासून. गोत्र सांगते तेही माहेरचं, धारण गोत्र. आणि ताम्रपटाच्या मुद्रेवरचा मजकूर गुरुजींनी पाठ म्हणून दाखवला: “वाकाटकललामस्य क्रमप्राप्तनृपश्रियः । जनन्या युवराजस्य शासनं रिपुशासनम् ॥” वंशपरंपरेने राज्यलक्ष्मी मिळालेल्या, वाकाटकांचं भूषण असलेल्या युवराजाच्या आईची ही आज्ञा, शत्रूंवर शासन करणारी.

युवराजाच्या आईची आज्ञा.

सासूबाई इतका वेळ गप्प होत्या. मग म्हणाल्या, “म्हंजे अपाकच होती ना ते.”

मुलीला कळलं नाही. मला कळलं. माझे सासरे गेले तेव्हा माझे पती सहा वर्षांचे होते आणि दीर कडेवर. चार एकर धानाची जमीन मुलांच्या नावाने चढली आणि सातबाऱ्यावर लिहिलं गेलं, ‘अ.पा.क. आई’. अज्ञान पालनकर्ती आई. मुलं सज्ञान होईपर्यंत या बाईने त्या तीन अक्षरांवर शेती केली, कर्ज फेडलं, विहीर खोदली, दोन्ही मुलांना शिकवलं. गुरुजींना मुलीने ते समजावून सांगितलं. त्यांनी हात जोडले आणि म्हणाले, “माय, एवढी वर्षं मी हे सांगतो, पण हा शब्द मला सुचला नव्हता.” सासूबाईंनी मग एकच विचारलं, माहेरचं नाव तिने शेवटपर्यंत ठेवलं का. ठेवलं, असं गुरुजी म्हणाले. तिच्या दुसऱ्या ताम्रपटातही, रिद्धपूरला मिळालेल्या, तेच गोत्र आहे. तो तिचा मुलगा दुसरा प्रवरसेन राजा असतानाचा, त्याच्या एकोणिसाव्या वर्षातला, रामगिरिस्वामींच्या पायांपासून, म्हणजे समोरच्या टेकडीवरून काढलेला. आम्ही सगळ्यांनीच टेकडीकडे पाहिलं.

नगरधनसाठी तीन तास ठेवा, कमी नाही. किल्ल्याचा तट उन्हात तापतो, सावली फार नाही, म्हणून सकाळीच या. पावसाळ्यात शेताच्या वाटांवरची माती चपलेला धरून ठेवते, तेव्हा नोव्हेंबर ते फेब्रुवारी हाच काळ बरा. एप्रिल-मे मध्ये म्हाताऱ्या माणसांना आणूच नका. शेतांतून खापरांचे तुकडे, विटांचे तुकडे पायाखाली येतात. उचलायचे नाहीत. मुलांना आधीच सांगून ठेवा. जागेवरून हललेलं खापर अभ्यासकाला काही सांगत नाही. शेत कोणाचं तरी आहे, विचारून आत पाय टाका. आम्हाला एका बाईने पाणी दिलं, नको म्हटलं तरी गूळही दिला. राजधानीच्या खुणा दाखवणाऱ्या पाट्यांच्या भरवशावर मात्र निघू नका. सोबत जाणतं माणूस नसेल तर नगरधनमध्ये तुम्हाला एक किल्ला आणि एक साधं गाव दिसेल, आणि तुम्ही वीस मिनिटांत परत निघाल.

जेवण घरून नेलं होतं. पोळ्या, वांग्याची भाजी, लाखोळीच्या डाळीचे वडे. गडाच्या पायथ्याशी अंबाळा तलावाच्या काठी बसून खाल्लं.

गडावर पायऱ्यांनी जाता येतं, गाडीनेही. सासूबाईंमुळे आम्ही गाडीने गेलो. इथे वराह, सिंहपूर, भैरव, गोकुळ असे एकामागून एक दरवाजे ओलांडत राममंदिरापर्यंत जायचं असतं, पण गुरुजींनी आधी थांबवलं ते वराहाच्या भल्यामोठ्या अखंड दगडी मूर्तीजवळ. तिच्या पोटाखालून लोक श्रद्धेने सरपटत जातात. मग केवल नरसिंह आणि रुद्र नरसिंह. ही दोन मंदिरं वाकाटकांच्या काळची. बाहेरून ठेंगणी, साधी. आत अंधाराला डोळे सरावले की समोर बसलेला नरसिंह दिसतो, जड, शांत, एक गुडघा वर घेतलेला. केवल नरसिंहाच्या भिंतीत एक फार झिजलेला शिलालेख आहे आणि अभ्यासक त्याचा संबंध प्रभावतीच्या घराण्याशी जोडतात. सकाळी शिक्क्याची गोष्ट ऐकलेली असली की त्या झिजलेल्या अक्षरांपुढून पाय निघत नाही. माझ्या मुलीचा निघाला नाही. इथे टॉर्च सोबत ठेवा, पण अक्षरांवर बोट फिरवू नका, खडू-हळद तर अजिबात लावू नका.

रामाच्या मुख्य मंदिरात आम्ही दर्शन घेतलं, लक्ष्मणाच्या मंदिरात यादवकाळातला लेख पाहिला. कालिदास स्मारक वरूनच पाहिलं. कालिदासाच्या ‘मेघदूता’तल्या यक्षाचा रामगिरी तो हाच, असं बरेच अभ्यासक मानतात. वेळ असेल तर तिथे संध्याकाळी बसा. रामनवमीला आणि कार्तिकातल्या त्रिपुरी पौर्णिमेच्या यात्रेत गडावर उभं राहायला जागा नसते. ते दिवस भक्तीचे, इतिहास पाहायला दुसरे दिवस निवडा. माकडांसमोर प्रसादाची पिशवी उघडी धरू नका, चष्मा सांभाळा.

मनसरला पोचायला चार वाजले, आणि हीच आमच्या दिवसातली चूक. मनसर रामटेकपासून सहा-सात किलोमीटरवर, नागपूर-जबलपूर महामार्गाला लागून आहे. तिथली हिडिंबा टेकडी १९९८ पासून उत्खनन झालेली जागा. पुरातत्त्वज्ञ जगत्पती जोशी आणि ए. के. शर्मा यांनी ती खणून काढली. विटांचं बांधकाम टप्प्याटप्प्याने वर चढत जातं, कोनावर कोन पडत जातात, सावल्या सरकतात तसा त्याचा आकार बदलत राहतो. इथे मिळालेली शिवाची अप्रतिम मूर्ती आता दिल्लीच्या राष्ट्रीय संग्रहालयात आहे. दुसऱ्या प्रवरसेनाने राजधानी नंदिवर्धनाहून प्रवरपूरला हलवली, हे ताम्रपटांवरून कळतं. ते प्रवरपूर म्हणजे वर्ध्याजवळचं पवनार, असं इतिहाससंशोधक वा. वि. मिराशी यांचं मत होतं. मनसरच्या उत्खननानंतर पुष्कळांनी ते मनसरच मानलं. गुरुजींनी दोन्ही बाजू सांगितल्या आणि कोणा एकाकडे वळायचा आग्रह धरला नाही. मला ते फार आवडलं. पण आम्हाला इथे जेमतेम पाऊण तास मिळाला. तुम्ही जेवणानंतर आधी मनसर करा आणि गड शेवटी ठेवा. गडावर संध्याकाळ छान, विटांना मात्र उजेड लागतो. विटांवर चढायचं नाही. आम्ही असताना तिघं पोरं वरून उड्या मारत होती. गुरुजींनी त्यांना हाक मारून खाली बोलावलं आणि दहा मिनिटं तीच गोष्ट पुन्हा सांगितली. पोरं ऐकत राहिली.

खर्चाचं: गाईडचे पैसे, गाडीचं डिझेल, चालकाचा भत्ता, दुपारचं जेवण कोणाकडे, हे सगळं आदल्या दिवशी बोलून घ्या. दिवसाचे ठरवा, ठिकाणांचे नाही. ठिकाणांवर ठरवलं की प्रत्येक ठिकाणी घाई होते. नागपूरहून येणाऱ्यांना इतवारीहून रामटेकला जाणारी पॅसेंजर आहे, तिची वेळ निघण्याआधी पाहून घ्या. पण स्टेशनवरून नगरधन, मनसर आणि गड एका दिवसात करायचे तर ऑटो किंवा गाडी पूर्ण दिवसासाठीच ठरवावी लागेल. म्हातारी माणसं असतील तर घडीची छोटी खुर्ची न्या. सासूबाईंची आम्ही नेली होती आणि किल्ल्यात, गडावर, मनसरला तिन्ही ठिकाणी कामी आली.

गुरुजींना रामटेकला सोडलं, तिथून कपुरी पानं घेतली आणि निघालो. या दिवसांत अंधार लवकर पडतो आणि आमच्या रस्त्याला धानाच्या पोत्यांनी भरलेल्या ट्रॅक्टर-ट्रॉल्या मागच्या दिव्याशिवाय चालतात, तेव्हा सहाच्या आत रामटेक सोडा. पुतण्या सावकाश चालवत होता. मागच्या सीटवर सासूबाई नातीला विहिरीच्या कर्जाचा हिशेब सांगत होत्या, कोणत्या वर्षी किती भरले ते, सनासकट. मुलगी तो वहीत लिहून घेत होती.