तेल उतरतं कसं

पणजी. श्रावण, रात्र. पाऊस थांबलाय, पण हवेतला ओलावा तसाच.

असल्या हवेत तेलकट चेहऱ्यावर आणखी तेल लावा म्हटलं की समोरचा माणूस बिचकतो, आणि त्यात त्याचं काही चुकत नाही. घाम वाळत नाही, सनस्क्रीनचा थर वितळून नाकाच्या कडेला जमतो, स्कूटरवरून फिरताना त्यावर धूळ बसते. तरीही रात्री चेहरा साफ करायला आधी तेलच लावायचं, म्हणजे क्लेन्झिंग ऑइल: पाण्याने धुऊन निघणारं तेल. रंध्रात अडकलेला ऐवज मुळात तेलाचाच असतो: ट्रायग्लिसराइडं, मेणासारखे एस्टर, स्क्वालीन आणि त्यात चिकटलेल्या मृत पेशी. पाणी त्यावरून घसरून जातं, तेल त्यात मिसळतं आणि बुचाचा वरचा भाग मऊ करतं. वरचाच. खोलवरचं सगळं तेलाने बाहेर येतं असं जाहिरातीत म्हणतात, त्यावर माझा विश्वास नाही.

नाकावरचे सगळे ठिपके ब्लॅकहेड्स नसतात, हेही लिहून ठेवायला हवं. एकसारखे, बारीक, करडे ठिपके बहुतेक वेळा सीबमचे, म्हणजे त्वचेच्या स्वतःच्या तेलाचे, तंतू असतात. ते प्रत्येकाच्या नाकावर असतात, पिळून काढले तरी महिन्याभरात पुन्हा भरतात. खरा ब्लॅकहेड मोठा, काळपट आणि घट्ट असतो. तो काळा दिसतो तो मळामुळे नाही, मेलॅनिनमुळे आणि हवेशी संबंध येऊन बदललेल्या स्निग्धांशामुळे. त्यामुळे घासून तो जात नाही.

आता खोबरेलाचा विषय, कारण आपल्याकडे तो टळत नाही. पेडण्याकडचे दशावतारी असोत की जत्रेच्या नाटकातली मंडळी, रंग उतरवायला खोबरेलच घेतात, आणि रंग उतरतोही झकास. अडचण त्यानंतरची आहे. नुसतं खोबरेल पाण्याने निघत नाही. त्याचा पातळ थर मागे राहतो आणि मुरुमं येणाऱ्या त्वचेत रंध्रं बुजवू शकतो. रंध्रं बुजवण्याच्या 0 ते 5 अशा जुन्या मोजपट्टीवर खोबरेलाला 4 गुण आहेत. ती मोजपट्टी सशाच्या कानावरच्या चाचण्यांतून आलेली, म्हणून ती तंतोतंत मानायचं कारण नाही. पण चेहऱ्यावर रात्रभर खोबरेल नको, एवढं मी कुणालाही सांगेन. ऑलिव्ह तेलही तसंच सोडून द्यावं. त्यातलं ओलेइक आम्ल त्वचेचं संरक्षक आवरण सैल करतं.

क्लेन्झिंग ऑइल वेगळं ठरतं ते त्यातल्या इमल्सिफायरमुळे, म्हणजे तेल पाण्यात मिसळवणाऱ्या घटकामुळे. बाटलीच्या पाठीवर पीईजी-20 ग्लिसरिल ट्रायआयसोस्टिअरेट, सॉर्बेथ-30 टेट्राओलिएट किंवा पॉलिसॉर्बेट असलं काही छापलेलं असतं. पाणी लागताच तेलाचे सूक्ष्म थेंब होतात आणि ते पाण्याबरोबर वाहून जातात. रंगभूषाकार शू उएमुरा यांनी 1967 मध्ये जपानमध्ये असं तेल बाजारात आणलं, म्हणजे तिथेही सुरुवात रंग उतरवण्यापासूनच झाली. घरी पारख करायची तर ग्लासभर पाण्यात पाच-सहा थेंब टाकून ढवळावं. पाणी दुधाळ झालं तर ते क्लेन्झर; तवंग तरंगत राहिला तर नुसतं तेल, बाटली कितीही महाग असो.

कृती सोपी आहे, बिघडते ती क्रमात. लेन्स लावत असाल तर आधी काढा. हात कोरडे, चेहराही कोरडा. ओल्या हातावर तेल घेतलं की ते तिथेच दुधाळ होतं आणि सनस्क्रीन विरघळवण्याआधीच त्याचं काम संपतं. दोन ते तीन मिली तेल घ्यायचं, साधारण अर्धा चमचा. याहून कमी घेतलं तर बोटं त्वचेला ओढतात. आधी गाल आणि कपाळ, मग नाकाच्या कडा, हनुवटीची खाच. बोटांच्या टोकांनी, हलक्या हाताने, जेमतेम मिनिटभर. पाच-दहा मिनिटं चोळत बसलं की बोटांना बारीक कण लागतात आणि रंध्रं साफ झाली असं वाटतं. ते कण बहुतेक मृत त्वचेच्या आणि कपड्याच्या तंतूंच्या वळ्या असतात. खरी कमाई म्हणजे लालसरपणा.

मग बहुतेक जण एक टप्पा गाळतात. थेट नळाखाली जाऊ नये. बोटं ओली करून पुन्हा चेहऱ्यावर फिरवावीत, दोन-तीनदा, तेल पांढरं आणि पातळ होईपर्यंत. अर्धं मिनिट पुरतं. त्यानंतर कोमट पाण्याच्या दहा-बारा ओंजळी. गरम पाणी नको. केसांची कड, कानापुढची जागा, जबड्याखालची रेघ इथे तेल हमखास राहतं आणि पुढे नेमके तिथेच बारीक बंद दाणे उठतात. लगेच सौम्य फेसवॉश, नखाएवढा. नरकचतुर्दशीला तेलावर उटणं लावतात त्यातही एक तेल काढायचीच सोय आहे; फक्त भरड उटणं चेहऱ्यावर रोज घासू नये.

तोंड पुसून टिश्यू गालावर दाबून पाहावा. पारदर्शक डाग उमटला तर धुणं अपुरं झालं. आणि पुसायला वेगळा, वाळलेला कपडा हवा. पावसाळ्यात आपल्याकडे टॉवेल दोन-दोन दिवस कुबट राहतात. न्हाणीघरात बाटलीचं झाकण उघडं ठेवू नये, तेलाऐवजी घट्ट क्लेन्झिंग बाम वापरत असाल तर त्याच्या डबीत ओलं बोट घालू नये. वास खवट झाला की बाटली टाकून द्यावी.

हे सगळं फक्त रात्री, एकदा.

रंध्रं याने लहान होत नाहीत. त्यांना स्नायू नसतात, त्यामुळे वाफेने उघडणं आणि बर्फाने मिटणं दोन्ही खोटं. बूच निघालं की ती कमी दिसतात, इतकंच. आनुवंशिकता, तेलाचं प्रमाण आणि उन्हाने सैल झालेली त्वचा यांवर त्यांचा आकार ठरतो, म्हणून इथल्या उन्हात दिवसाचं सनस्क्रीन या तेलाइतकंच कामाचं. बुचांसाठी 2 टक्के सॅलिसिलिक आम्ल आठवड्यातून दोन-तीन रात्री. ते तेलात विरघळतं, म्हणून रंध्रात शिरतं. त्याने भागलं नाही तर डॉक्टरांना विचारून 0.1 टक्के अ‍ॅडापॅलिन हे मुरुमांवर लावायचं औषध, गरोदरपणात मात्र नाही. फरक दिसायला आठ ते बारा आठवडे जातात. सॅलिसिलिक आणि अ‍ॅडापॅलिन एकाच दिवशी सुरू केलं तर त्वचा आधी सोलवटते.

कपाळावर एकाच मापाचे, खाजणारे दाणे उठले तर तेलं बदलत बसू नये. ती मॅलॅसेझिया नावाची बुरशी असू शकते. ती बऱ्याच वनस्पती तेलांतल्या मेदाम्लांवर पोसते, मिनरल ऑइलवर नाही. बांबोळीला गोवा वैद्यकीय महाविद्यालयाच्या त्वचारोग विभागात दाखवावं; औषध बुरशीचं लागतं, मुरुमांचं नव्हे.