भरतीच्या दिवशी ग्रिम्के बहिणींची फेरी

अमेरिकेतल्या चार्ल्स्टन शहरात मी पाहुण्यांना सॅरा आणि अँजेलिना ग्रिम्के या गुलामगिरीविरुद्ध लढलेल्या बहिणींच्या जागा दाखवत फिरवते. इथल्या बंदरात भरती 7 फुटांवर गेली की सखल रस्ते बुडतात. पाऊस लागतच नाही, समुद्राचं पाणी गटारांतून उलटं वर येतं. त्या दिवशी साडेदहाला 7.4 फुटांची भरती होती. मार्केट स्ट्रीट बंद होणार, म्हणजे त्यापलीकडचं ईस्ट बे स्ट्रीटवरचं 321 क्रमांकाचं ग्रिम्के घर गळलं. एरवी मी चर्च स्ट्रीटवरच्या 87 क्रमांकाच्या घरापासून निघून तिथे संपवते. मग फेरीच उलटी केली. शेवटी लोक प्रश्न विचारत रेंगाळतात, त्याला अंगण लागतं, आणि ते 87 ला आहे.

नऊला जुन्या एक्स्चेंजपाशी, म्हणजे व्यापाऱ्यांच्या जुन्या इमारतीपाशी जमलो. तेव्हाची टपाल कचेरी याच इमारतीत होती. जुलै 1835 मध्ये जमावाने इथून गुलामगिरीविरोधी पत्रकं पळवून जाळली. पुढच्या वर्षी अँजेलिनाने दक्षिणेतल्या ख्रिस्ती स्त्रियांसाठी पुस्तिका लिहिली. तीही जाळली गेली, आणि तोवर शहर सोडून गेलेली अँजेलिना परतली तर तिला अटक होईल, असा निरोप महापौरांनी तिच्या आईला धाडला. लगेच प्रश्न आला: न्यायाधीशाच्या, गुलाम बाळगणाऱ्या घरातली मुलगी अशी का झाली? एरवी हा प्रश्न कुणी विचारत नाही, कारण 87 पासून सुरुवात केली की उत्तर मी आधीच सांगून बसलेली असते.

चाल्मर्स स्ट्रीटच्या गुलामांच्या लिलावघराकडे बोट दाखवून ‘बहिणींनी हे पाहिलं’ म्हणायचा मोह होतो. ते साफ चूक आहे. ते लिलावघर 1859 चं. सॅराने 1821 त, अँजेलिनाने 1829 त शहर सोडलं. त्यांच्या काळात माणसं विकली जात ती उघड्यावर, एक्स्चेंजच्या उत्तरेला.

87 च्या मागच्या अंगणात विटांचं वेगळं स्वयंपाकघर आहे. इथे सॅराचं बालपण गेलं. पुढे तिने हेटी या गुलाम मुलीला चोरून वाचायला शिकवलं: दिवा विझवून, कुलपाचं भोक झाकून, शेकोटीपुढे पालथं पडून. इथेही जपून बोलावं लागतं, ‘तिने कायदा मोडला’ असं सरळ म्हणता येत नाही. 1740 चा कायदा लिहायला शिकवण्यावर होता, 100 पौंड दंडाचा. वाचनावर बंदी आली 1834 साली. आणि कुटुंब नंतर ईस्ट बेला गेलं, त्यामुळे ‘हीच ती खोली’ मी म्हणत नाही.

एका मराठी पाहुणीला जोतीराव आठवले. 1873 साली त्यांनी ‘गुलामगिरी’ अमेरिकेतल्या गुलामी मोडणाऱ्या लोकांना अर्पण केली. सॅरा त्याच वर्षी डिसेंबरात गेली.

दुपारी पाणी उतरल्यावर दोघं 321 कडे निघाले. घर खासगी आहे, समोरच्या फुटपाथवरून बघा, एवढं बजावलं.