शिक्रा आणि जाळी : बाहेरच्या पिंजऱ्याचा बंदोबस्त

पहिली झेब्रा फिंच (चिमणीहून लहान पाळीव पक्षी) मेलेली सापडली तेव्हा पिंजऱ्याच्या दाराला कडी होती, जाळी कुठेही फाटलेली नव्हती आणि पक्ष्याला डोकं नव्हतं. संशय आधी उंदरांवर गेला, मग सापावर. पण साप पक्षी अख्खा गिळतो, मागे काही ठेवत नाही. उंदीर किंवा घूस आत शिरायला वाट करते, कुरतडल्याच्या खुणा राहतात, लेंड्या सापडतात. इथे यातलं काहीच नव्हतं. जाळीच्या बाहेरच्या अंगाला मात्र बारीक पिसं चिकटली होती आणि खाली गवतातही पडली होती. म्हणजे कोणीतरी बाहेर राहूनच आतला पक्षी जाळीतून ओढला होता.

कोण, ते लवकरच कळलं. पिंजऱ्याशेजारच्या झाडातून शिक्रा सुटला तो थेट जाळीवरच आदळला. आतल्या सगळ्या फिंच आणि बजी (छोटे पाळीव पोपट) एकदम उडाल्या आणि लांबच्या जाळीवर जाऊन चिकटल्या. शिक्रा जाळी धरून उलटा-सुलटा होत त्याच बाजूला पोचला. त्याने लांब पाय जाळीच्या भोकातून आत घातला. मी ओरडत धावले म्हणून त्या वेळी सगळे वाचले.

नंतर त्याच्याविषयी जे मिळेल ते वाचलं. शिक्रा आणि त्याचे भाऊबंद, म्हणजे आखूड गोल पंख आणि लांब शेपटीचे शिकारी पक्षी, झाडाझुडपांतून शिकार करणारे. दबा धरायचा, छोटी झडप घालायची आणि सावज बेसावध असताना गाठायचं. छोट्या पक्ष्यांवर जगणाऱ्यांचे पाय लांब आणि मधलं बोट आणखी लांब असतं, म्हणजे जाळीतून हात घालायला अगदी सोयीचं. घार वरून घिरट्या घालते, पक्ष्यांना घाबरवते, पण जाळीवर सहसा उतरत नाही. मोकळ्या आकाशात वरून सूर मारून उडता पक्षी पकडणाऱ्या बहिरी ससाण्याला झाडांच्या दाटीतल्या पिंजऱ्यात फारसा रस नसतो. खाटीक पक्षी मात्र लहान दिसतो म्हणून त्याला हलक्यात घेऊ नये. तोही जाळीवरच्या फिंचचं डोकं चोचीत धरतो. रात्री घुबडं, आणि दिवसभर कावळे. कावळा जाळीला लोंबकळणाऱ्या पोपटाची बोटं टोचतो.

शिक्रा आत येत नव्हता, पण त्याचा पाय येत होता. म्हणून मला दोन गोष्टी सोडवायच्या होत्या. त्याचा पाय पक्ष्यांपर्यंत पोचू नये, आणि घाबरलेल्या पक्ष्याला जाळीखेरीज दुसरीकडे जायला जागा असावी. दुसरी गोष्ट पहिलीपेक्षा अवघड निघाली.

पक्का बंदोबस्त होईपर्यंत तीन बाजूंना शेडनेट बाहेरून ताणून बांधली. त्याच दिवशी. शिक्र्याला पक्षी दिसेनासे झाले की निम्मं काम होतं, कारण तो आधी पाहतो आणि मग झडप घालतो. एकदा शिकार मिळालेल्या जागी तो परत येतो, त्यामुळे "आता गेला, बरं झालं" असं म्हणून बसण्यात अर्थ नाही. शिक्र्याची पिल्लं घरट्याबाहेर पडल्यानंतरचे महिने आणखी वाईट. नवशिक्या तरुण शिक्र्याला अजून नीट शिकार साधत नसते, आणि पिंजऱ्यातला पक्षी हातचा आहे असं वाटून तो जाळीवर पुन्हा पुन्हा धडका मारत राहतो. मोठा शिक्रा दोन-चार वेळा हाती काही लागलं नाही की जागा बदलतो.

मग दुहेरी जाळी. जाळी लावायला आलेल्या काकांनी आधी मान हलवली. "ताई, दोन जाळ्या कशाला? एकच जाड लावतो की. वाघ आला तरी तुटणार नाही." मी म्हटलं, तुटायचा प्रश्नच नाही काका, पाय आत येतो. त्यांनी स्वतःची दोन बोटं जाळीत घालून पाहिली, मग काही न बोलता टेप काढला.

पिंजऱ्याचा सांगाडा दोन इंची चौकोनी पाइपाचा आहे. जुनी जाळी पाइपाच्या बाहेरच्या बाजूला होती, नवी आतल्या बाजूला लावली. दोन्हींच्या मध्ये आपोआप पाच सेंटिमीटरचं अंतर राहिलं. त्याहून थोडं जास्त ठेवता आलं तर उत्तम. आतली जाळी अर्धा इंच बाय अर्धा इंच वेल्डमेश (उभ्या-आडव्या तारा वेल्डिंगने जोडलेली जाळी), म्हणजे साधारण बारा-तेरा मिलिमीटरचं भोक. त्यातून फिंचचं डोकं बाहेर येत नाही आणि खाटकाची चोच आत फारशी पोचत नाही. गेजचा आकडा वाढतो तशी तार बारीक होते, हे दुकानात विचारायच्या आधी माहीत असलेलं बरं. १६ गेजची तार सुमारे १.६ मिलिमीटर, १९ गेजची एक मिलिमीटरच्या आसपास. फिंचना १९ गेज पुरते. कॉकाटेलसारख्या चावऱ्या पोपटांना १६ बरी. कोंबड्यांसाठी वापरतात ती षटकोनी विणलेली जाळी मी घेतली नाही. ती ओढली की भोकं वाकडी होतात आणि सैल पडते.

सैलपणा हाच दुहेरी जाळीचा खरा शत्रू. मोठ्या खणात बाहेरची जाळी मध्ये पोक काढते. शिक्रा त्याच्या सगळ्या वजनानिशी आदळला की दोन्ही जाळ्या एकमेकींना टेकतात आणि मधलं अंतर कागदावरच राहतं. काकांनी प्रत्येक खणाच्या मध्ये एक आडवा पाइप टाकला आणि जाळी ताणून बांधली. हे काम कंटाळवाणं आहे, पण सगळ्या खटाटोपात एकाच ठिकाणी हात सैल सोडायचा नाही म्हटलं तर ते इथे.

नव्या जस्त चढवलेल्या जाळीबद्दल एक सांगायला हवं, कारण शिकारी पक्षी राहिला बाजूला आणि जाळीनेच पक्षी आजारी पडायचा. तिच्यावर पांढरी भुकटी आणि जस्ताचे छोटे थेंब असतात. पोपटकुळातले पक्षी चोचीने जाळी धरून चढतात, ते जस्त पोटात जातं आणि विषबाधा होते. लावण्याआधी जाळी व्हिनेगर आणि कडक ब्रशने घासून, भरपूर पाण्याने धुऊन उन्हात वाळवली. समोरची बाजू काळ्या, चमक नसलेल्या, पक्ष्यांना बाधणार नाही अशा रंगाने रंगवली. उजेड परतत नसल्यामुळे काळी जाळी डोळ्यांना जवळजवळ दिसतच नाही. दोन जाळ्यांमुळे पक्षी धूसर दिसतील अशी माझी भीती त्यामुळे बरीच गेली.

छताचं काम वेगळं. भिंती बंद केल्या की शिक्रा छतावर बसतो, आणि पक्षी छताला लोंबकळतात तेव्हा त्यांचे पाय वरून उघडे. मागच्या अर्ध्या भागावर पत्रा टाकला, पुढच्या अर्ध्यावर दुहेरी जाळी. अर्धपारदर्शक पत्रा मला सुचवला गेला होता, उजेड येईल म्हणून. पण त्यावर बसलेल्या पक्ष्याची सावली खाली स्पष्ट दिसते आणि आतला गोंधळ तसाच राहतो. पत्रा तापू नये म्हणून वरून शेडनेट अंतर सोडून बांधली.

आता ती दुसरी गोष्ट. दुहेरी जाळी लावल्यावर शिक्रा आला, धडकला, काही मिळालं नाही आणि गेला. तरीही त्या संध्याकाळी एक डायमंड डव्ह (होल्यासारखा छोटा पाळीव पक्षी) कपाळ फोडून घेऊन तळाशी बसलेली होती. घाबरून उडालेला पक्षी मोकळ्या उजेडाकडे जातो आणि जाळीवर आपटतो. पारवे, कबुतरं, तितर-लावा यांची सवय तर सरळ वर उसळायची.

म्हणून आतली मांडणी बदलली. जाळीला लागून असलेल्या सगळ्या दांड्या काढल्या आणि मधोमध आणि मागच्या झाकलेल्या भागात लावल्या. सगळ्यात उंच दांड्या मागे ठेवल्या, कारण पक्ष्यांना झोपायला उंच जागा हवी असते आणि ती झाकलेल्या भागातच असली की ते आपण होऊन तिथे जातात. खाणंही मागेच. समोरच्या भागात कुंड्यांतल्या दाट झुडपांचे दोन पुंजके ठेवले. फिंच आता समोरून उडाल्या तर आधी झुडपात घुसतात. मागच्या भागाच्या तीन भिंती बंद आहेत, तिथून आकाश दिसत नाही. लाव्यांसाठी छताखाली मऊ कापडाचं खोटं छत ताणलं, म्हणजे उसळले तरी डोकं फुटत नाही.

सगळंच बंद करून टाकावं, असा मोह होतो. पण ऊन नाही, वारा नाही, दमट कोपरे आणि बुरशी, हा शिक्र्याइतकाच वाईट शेजारी. म्हणून समोरची बाजू उघडीच ठेवली.

भोवतालच्या आवारात एक फुकटातलं काम निघालं. पिंजऱ्याखाली सांडलेल्या दाण्यावर होले, चिमण्या आणि उंदीर येत. शिक्रा पहिल्यांदा बहुधा त्यांच्यासाठीच आला असणार, मग त्याची नजर जाळीकडे वळली. खाली ताट ठेवून रोज दाणा झाडायला लागल्यापासून ही वर्दळ खूप कमी झाली. पिंजऱ्याकडे पाहणारी एक वाळकी फांदी छाटली, जवळचा रिकामा खांब काढला. दबा धरायला सोयीची जागा गेली की झडपेचं अंतर वाढतं, आणि तेवढ्यात पक्ष्यांना सावध व्हायला वेळ मिळतो.

पिंजऱ्यातल्या पक्ष्यांचे पहारेकरी बाहेरच असतात. बुलबुल आणि खार एकदम ओरडू लागले की माझे पक्षी मागे सरकतात. बजी अशा वेळी अंग बारीक करून, पुतळ्यासारखे गप्प बसतात, धोका टळून गेल्यावरही बराच वेळ. आजारी नसतात, त्यांना तसंच राहू द्यावं. एक गंमत म्हणजे पावशाला पाहूनही हीच पळापळ होते. पावशा दिसायला आणि उडायला शिक्र्यासारखाच, त्याचं रूप पाहून छोटे पक्षी फसतात. आपण काय करणार.

टांगलेल्या सीड्या, चमकणाऱ्या पट्ट्या, प्लास्टिकचं घुबड, हे सगळं करून पाहिलं. थोडे दिवस उपयोग होतो, मग शिकारी पक्ष्याला सवय होते. घुबडाच्या डोक्यावर कावळा बसलेला पाहिल्यावर मी ते काढून टाकलं. सीड्या फार तर जाळी लागेपर्यंतच्या दिवसांसाठी. वरून सैल नायलॉनची जाळी टाकायचा सल्लाही मिळाला होता. तो मानला नाही, कारण अशा जाळीत शिक्राच काय, बुलबुल आणि सापही गुंतून मरतात. टाकायचीच तर ताणून, बारीक भोकाची.

आणि हो, "एकदा सापळा लावून टाका" असं म्हणणारे भेटतातच. शिकारी पक्ष्याला पकडणं, मारणं, विष घालणं बहुतेक देशांत गुन्हा आहे. भारतात १९७२चा वन्यजीव कायदा, ब्रिटनमध्ये १९८१चा. अमेरिकेतला स्थलांतरी पक्ष्यांचा कायदा १९१८चा, पण ससाणे, घुबडं त्यात आली ती १९७२ मध्ये. कायदा बाजूला ठेवला तरी एक शिक्रा हटवला की रिकाम्या जागी दुसरा येतो. जाळी एकदाच दुरुस्त करावी लागते.

रात्रीचा प्रश्न वेगळा होता. कॉकाटेल अंधारात घाबरून धडपडतात हे सगळ्या पाळणाऱ्यांना माहीत असतं, आणि घुबड जाळीवर बसलं की सगळा थवा काळोखात भिंतींवर आपटतो. संध्याकाळी समोरच्या बाजूला वरून खाली सोडायचा कापडी पडदा केला आणि मागच्या भागात मंद दिवा ठेवला. उडून गेलेल्या पक्ष्याला परत दांडी सापडावी एवढाच उजेड.

कोणी जखमी झालंच तर मी करते ते असं. पक्ष्याला हवेशीर, अंधाऱ्या, उबदार खोक्यात ठेवायचं आणि गडबड थांबवायची, कारण धक्क्यानेही पक्षी जातो. वाढत्या पिसाच्या देठात रक्त असतं, ते तुटलं तर बरंच वाहतं, त्यावर कॉर्नफ्लॉर लावून स्वच्छ कापसाने दाबून धरायचं. नखाची जखम बाहेरून टाचणीएवढी दिसते आणि आतून खोल जाऊन चिघळते, त्यामुळे त्याच दिवशी पक्ष्यांच्या डॉक्टरांकडे न्यावं. डायमंड डव्ह अशीच वाचली. कपाळावर पिसं नसलेला ठिपका मात्र राहिला आहे.

शिक्रा अजून येतो, विशेषतः थंडीच्या तोंडावर. काका वर्षातून एकदा जाळीचा ताण बघायला येतात. मागच्या वेळी त्यांनी दाराचा खण दाखवला : तिथे अजून एकच जाळी आहे. दुहेरी करायची तर दारापुढे छोटी देवडी काढावी लागेल, म्हणजे एक दार उघडताना दुसरं बंद राहील आणि पक्षीही सुटणार नाहीत. मोजमाप घेऊन गेलेत, पाइप कापून आले की ते काम.