उसाच्या फडातली पिल्लं आणि दुधाची बाटली

नाशिक जिल्ह्यात, विशेषतः निफाड-सिन्नरकडे, ऊसतोड सुरू झाली की आम्हा पशुवैद्यकांना वन विभागाचे फोन यायला लागतात. गोदाकाठच्या उभ्या उसात बिबट्याची मादी पिल्लं घालते आणि तोड शेवटच्या सऱ्यांवर आली की ती कोयत्यापुढे उघडी पडतात.

अशा वेळी पहिला उपाय दूध नव्हे, आईच. पिल्लं तपासायची, द्राक्षाच्या कॅरेटमध्ये ठेवून संध्याकाळी त्याच जागी नेऊन ठेवायची, ट्रॅप कॅमेरे लावायचे आणि माणसांनी तिथून निघून जायचं. बहुतेक वेळा मादी अंधारात येते आणि एकेक पिल्लू तोंडात धरून घेऊन जाते.

एका हिवाळ्यात मात्र दोन पिल्लांची आई आलीच नाही. पुन्हा पुन्हा ठेवूनही कॅमेऱ्यात फक्त कोल्हा दिसला. टोळीतल्या एका मावशीनं विचारलं, "डॉक्टर, शेळीचं दूध काढून देऊ का? भुकेली हायेत लेकरं." तिची माया खरी होती. पण मांजरकुळातल्या आईच्या दुधात प्रथिनं गाय-शेळीच्या दुधाच्या दुपटीहून जास्त असतात आणि लॅक्टोज, म्हणजे दुधातली साखर, कमी. दुसरं दूध पोटात गेलं की हगवण लागते आणि एवढासा जीव पाणी कमी पडून जातो.

पिल्लांचे डोळे नुकतेच उघडले होते, म्हणजे वय दहा-बारा दिवसांचं. निफाडच्या गारठ्यानं अंग थंड पडलं होतं. थंड पिल्लाला दूध पचत नाही, म्हणून आधी ऊब दिली, मग कोमट इलेक्ट्रॉलचं पाणी, मग मांजराच्या पिल्लांसाठी मिळणारी दूध पावडर, सुरुवातीला पातळ करून. कुत्र्याच्या पिल्लांची पावडर सहज मिळते, पण मी ती घेत नाही. त्यात टॉरिन आणि आर्जिनिन ही अमिनो आम्लं मांजरकुळाला पुरतील एवढी नसतात आणि अशा दुधावर वाढलेल्या पिल्लांना मोतीबिंदू झाल्याच्या नोंदी आहेत.

दर तीन तासांनी बाटली, रात्रीही. दिवसभराचं दूध वजनाच्या साधारण १५ ते २० टक्के आणि एका वेळी पोट तट्ट फुगेल एवढं कधीच नाही. पिल्लू पोटावरच हवं, आईला पिताना असतं तसं. बाळासारखं उताणं धरलं की दूध श्वासनलिकेत जातं आणि न्यूमोनिया होतो. बाटली उलटी धरल्यावर थेंब थेंब पडावा, धार लागू नये. पाजून झालं की ओल्या कोमट कापसानं खालची बाजू पुसायची. आई चाटते तेव्हाच लघवी-शी होते, एरवी या वयात ती आपसूक होत नाही.

थोरला लगेच चोखायला लागला. धाकटी मात्र निपल तोंडात धरून नुसती पडून राहायची आणि रोज सकाळी काट्यावर तोच आकडा. एका रात्री तिच्या पुढच्या पंज्यांखाली घोंगडीचा तुकडा ठेवला. तिनं त्यात नखं रोवली, पंजे दाबत राहिली आणि बाटली रिकामी केली. मला रडू आवरलं नाही. त्यानंतर तिचं वजन वाढत गेलं.

दीड-दोन महिन्यांनी खिमा सुरू केला, कॅल्शियम मिसळून. हाडांशिवाय नुसतं मांस दिलं तर पाय वाकतात. मांजरकुळाच्या लसीही दिल्या. पाजणारी माणसं तीच ठेवली, लाड नाहीत, मोबाइल नाही, पाहुणे नाहीत.

दोन्ही पिल्लं जगली. पण बाटलीवर वाढलेल्या बिबट्याला शिकार शिकवायला आई नसते आणि माणसाची भीतीही राहत नाही. त्याला रानात सोडता येत नाही. ही दोघं आता कायमची पिंजऱ्यात आहेत आणि ते मला सलतं. म्हणून तोड सुरू व्हायच्या आधी मी टोळ्यांच्या मुकादमांना भेटते. पिल्लू दिसलं तर उचलू नका, तेवढ्या सऱ्या राहू द्या, गर्दी हटवा आणि १९२६ या वन विभागाच्या क्रमांकावर फोन करा, एवढंच सांगते. यंदा एका मुकादमानं तो क्रमांक ट्रॅक्टरच्या ट्रॉलीवर रंगवून घेतला आहे.